हिंकेच्या चुकीचा केक

नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगेनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या गणितवाल्यांच्या खोलीत एक रीत आहे: तुमची चूक रुग्णापर्यंत पोचायच्या आत पकडली गेली, की सगळ्यांना केक तुम्ही द्यायचा. हिंकेनं सात वर्षांत एकदाही केक आणला नव्हता, आणि त्याचा तिला भारी तोरा. त्या सोमवारी मात्र बाई सकाळीच सफरचंदाचा केक घेऊन हजर.

"कुठं चुकलीस?" शेजारच्या टेबलावरच्या योरितनं विचारलं.

"ते तू शोधायचं."

प्रश्न वोब्बेकाकांचा होता. हिंकेला लहानपणी बर्फावरचं स्केटिंग यांनीच शिकवलं. त्यांच्या मणक्यातली गाठ एकदा किरणांनी जाळली होती, ती परत उगवली. पुन्हा किरण द्यावेत तर आतली मज्जारज्जू सोसेल का, हे हिंकेच्या सूत्रानं सांगायचं. पहिली मात्रा किती, मधल्या काळात मज्जारज्जू किती सावरली, सगळं तिनं घातलं. उत्तर आलं: तिघांतला एक कायमचा लुळा. म्हणजे डॉक्टर नाही म्हणणार, आणि मग गाठच काकांचे पाय नेणार. धोका जास्त निघाला की आमच्यात कुणी शंका घेत नाही. हिंकेनं घेतली. रविवारभर आकडे तपासले, चूक सापडेना. आपण गाढव ठरावं असं तिला जन्मात पहिल्यांदा मनापासून वाटत होतं.

योरित केकचा दुसरा तुकडा चावता चावताच म्हणाला, "अगं शहाणे, मधला काळ चार लिहिलायस. जुन्या कागदावर चार वर्षं आहेत. आपल्या चौकटीत महिने घालतात."

तिनं चार खोडून अठ्ठेचाळीस घातले. शंभरात एक! हिंके खुर्चीसकट गरगर फिरली, योरितच्या टकलाचा मुका घेतला, आणि हसू आवरेना म्हणून जिन्यात जाऊन बसली. सात वर्षांचा तोरा गेला त्याचं बाईंना काही नव्हतं.

किरण दिले गेले. पण मज्जारज्जू बिघडली तर ते कळायलाच वर्ष जातं. सूत्र तिचंच, तरी वर्षभर फोन वाजला की ती दचकायची.

पुढच्या मार्चात, दहाच्या कॉफीला, वोब्बेकाका पाठीनं दार ढकलत आत आले. दोन्ही हातांत हा एवढा केक.

"कुणाची चूक, काका?"

"तुझीच गं. आज वर्षाची झाली."

"लिफ्टनं आलात ना?"

"लिफ्ट बंद आहे तुमची."

तीन मजले, आणि कठडा धरायला हात मोकळा नाही. बाकीचे सुरी शोधत होते. हिंके काकांच्या बुटांकडे बघत हसत होती, आणि रडतही होती.