चंद्रकोरीची गोळी

करंजाड्याच्या जोतीरामकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. पण त्याचा जीव बंदुकीत नव्हता, गोळीत होता. जाळ्याची जुनी शिशाची वजनं वितळवून तो गोळ्या ओती. थंड झाली की एकेक गोळी पाट्यावर टाकून कान लावून ऐके. आवाज बसका आला, तर आत पोकळी आहे म्हणून ती पुन्हा आगीत. त्याच्या साच्याला आत एक खोच होती. त्यामुळे प्रत्येक गोळीच्या अंगावर बारीक चंद्रकोर उठे.

"अशी गोली पंचक्रोशीत दुसऱ्या कोनाची नाय," हे तो आल्यागेल्याला सांगे. आम्हीही कौतुकाने ऐकत असू, कारण ते खरं होतं.

शेजारचा अभय तुर्भ्याला कारखान्यात कामाला होता. त्याच्याकडे वडिलांची तशीच, एकाच मापाच्या नळीची बंदूक होती. एका रविवारी शिमग्याआधी दोघांनी बांधावर करवंट्या मांडल्या. अभयने दुकानातल्या गोळ्या उडवल्या. एक डावीकडे, एक मातीत, एक कुठे गेली ते कळलंच नाही. मग त्याच बंदुकीतून त्याने जोतीरामच्या उडवल्या. करवंट्या ओळीने फुटल्या.

"काका, तुजी गोली दोरी धरल्यासारखी जाते!"

जोतीराम इतका खुलला की मूठभर गोळ्या त्याने अभयच्या खिशातच ओतल्या.

पुढच्या आठवड्यात गावातल्या बयाबाईची गाभण म्हैस संध्याकाळी वालाच्या शेतात मरून पडली. अंधूक उजेडात कुणीतरी तिला डुक्कर समजलं होतं. सकाळी तिला फाडलं, तर आतून गोळी निघाली. एका अंगाने चपटी, दुसऱ्या अंगाला चंद्रकोर शाबूत.

देवळापुढे गाव जमलं. बयाबाईने ती गोळी जोतीरामच्या पायाशी टाकली.

"वळख, कोनाची हाय?"

"गोली माजी हाय. पन बार मी नाय काढला."

"मंग कोनी काढला?"

जोतीरामने अभयकडे बघितलं. अभय म्हणाला, "मी तर त्या सांजंला कामावर होतो. आनि काका, माज्याकडच्या तर त्याच रविवारी संपल्या."

"याला मी मूठभर दिल्या होत्या," जोतीराम म्हणाला. त्याचा आवाज पाट्यावर पडलेल्या पोकळ गोळीसारखा बसका आला.

बयाबाई हसली. ते हसणं रडण्याहून वाईट होतं. "जन्मभर तूच सांगत फिरलास ना, अशी गोली दुसऱ्या कोनाची नाय? आता झाली व्हय दुसऱ्याची?"

उभं आयुष्य घालून जोतीरामने स्वतःच साक्षीदार घडवला होता, आणि तो साक्षीदार अर्धंच बोलत होता.

बंदूक ठाण्यात जमा झाली. परवाना परत मिळाला नाही. त्या पावसाळ्यात डुकरं त्याचं भात लोळवत, तेव्हा तो बांधावर डबा बडवत उभा राही. बयाबाई समोरून जाताना मान वळवी.

दिवाळीनंतर अभय त्याच्या अंगणात आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "काका, पाच-सहा गोल्या दे ना. दुकानातल्या लय फाकतात."

जोतीराम जाळ्याला वजनं बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"गोली कोनाची रं?"

"तुजीच की, काका. आनि कोनाची?"

"मंग म्हस बी मीच मारली. जा, बयाबाईला इचारून ये. ती हो म्हनली, तर देतो."

अभय हसला. काका थट्टा करतो आहे, असं त्याला वाटलं.