चूलबंद आवतण आणि माझा कुकर

नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये काढून मी ईट या बाजाराच्या गावाजवळच्या आमच्या खेड्यात परत आलो, तेव्हा सगळ्या बॅगा नीट पोचल्या, फक्त पोट तिकडंच राहिलं. तिकडं बाराला जेवण म्हणजे बाराला. शेजाऱ्याकडं कॉफी प्यायची तरी पंधरा दिवस आधी तारीख ठरते. त्या सवयीत मी इतका मुरलो होतो की आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी ओसरीवर येऊन बसलेल्या शेजारच्या काकांना मी अदबीनं विचारलं, "काही काम होतं का?" काका उठून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ह्यांचं पोरगं आता कामाशिवाय कुणाला बसू देत नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण भिंतीपलीकडं थोरले आबा राहत होते, आणि तिथं मामला नाजूक होता.

थोरले आबा म्हणजे वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत. इकडं आमचं स्वयंपाकघर, तिकडं त्यांचं. नऊ वर्षांपूर्वी परदेशी निघताना मी घाईत त्यांच्या पाया पडायला गेलो नाही आणि पुण्याला पोचल्यावर फोन करून म्हणालो, "आबा, नमस्कार करतो." ते त्यांना लागलं. "फोनवर पाया पडाया लागलंय," असं ते चारचौघांत म्हणाले. वडिलांनी माझी बाजू घेतली, आणि तेव्हापासून दोघं भाऊ बोलले नाहीत. बायका बोलायच्या, भावंडं बोलायची, हे दोघं मात्र समोरासमोर आले की आभाळाकडं बघायचे. चूक माझी होती आणि भोगत ते होते, हे मला तिकडं बसून नेहमी टोचायचं.

मग एका सकाळी चुलतभाऊ आला. त्यांच्या घरचे सगळे तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन आले होते, त्याचं जेवण घालायचं होतं.

"उद्या दुपारी चूलबंद आवतण हाय. आबांनी सांगितलंय."

"दुपारी म्हणजे किती वाजता?" मी मोबाईल काढला.

"दुपारी म्हंजे दुपारी. बारा-एक."

मी बारा लिहून घेतले आणि म्हणालो, "घरात विचारून उद्यापर्यंत कळवतो." तो माझ्याकडं बघतच राहिला. आतून आई धावत आली आणि माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "कळवायचं काय त्यात? येतोय म्हणावं. सगळे येतोय."

आमच्याकडं आवतणाचे प्रकार आहेत. घरटी एक माणूस, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला जायचं आणि त्या वेळेला घरात चूल पेटवायचीच नाही. पेटली तर आवतण नाकारलं, असा त्याचा सरळ अर्थ. आणि हे आवतण नऊ वर्षांनी आलं होतं. वडिलांनी दुपारीच पांढरा सदरा इस्त्रीला दिला.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला मी तयार होऊन दारात उभा राहिलो.

"कुठं निघालास?" आई म्हणाली. "बोलावणं यायचंय की अजून."

"काल आलं होतं की."

"ते आवतण. पानं मांडली की परत बोलवाया येत्यात. त्याबिगर जायचं नसतं. आज तर न्हायच न्हाय."

बारा वाजले. एक वाजला. वडील इस्त्रीचा सदरा घालून बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते, गल्लीकडं बघत नसल्यासारखं दाखवत. भिंतीपलीकडून पुरणाचा आणि येसर मसाला घातलेल्या आमटीचा वास येत होता. दीड वाजला. घरात आईनं सकाळचा चहा सोडला तर काहीच केलेलं नव्हतं. दोन वाजता आईचा बसल्या जागी डोळा लागला आणि माझ्या पोटानं हात टेकले. तिकडं एकटं राहून स्वयंपाक शिकलो होतो, त्याचा मला जरा गर्वही होता. मूठभर तांदूळ, मूठभर डाळ. कुणाला कळणार?

कुकरला कळलं. त्यानं अशी शिट्टी दिली की आई दचकून उठली.

"काय लावलंस?"

"थोडीशी खिचडी."

"अरे, चूलबंद हाय आज."

दुसरी शिट्टी झाली. आईनं सांडशीनं शिट्टी उचलायला बघितली, तर ती आणखीच किंचाळायला लागली. मी ओला टॉवेल आणून वरून दाबून धरला. मी इंजिनिअर आहे. वडील आत आले, तेही हातात झारा घेऊन उभे राहिले. गॅस बंद करावा हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज थांबला, बोलणं थांबलं. वडिलांनी झारा खाली ठेवला आणि सदऱ्याचं गळ्याशी लावलेलं बटण काढलं. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. एकदा तोडून गेलो होतो, आता परत येऊन पुन्हा तोडलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. थोरले आबा कपाळाला कुंकू, खांद्यावर उपरणं अशा अवतारात अनवाणीच सरळ स्वयंपाकघरात आले. आईनं पदर सावरला. आबांनी मला बाजूला सारलं आणि गॅसचं बटण फिरवलं.

"आवतण कशाचं दिलं व्हतं?"

"चूलबंद," मी म्हणालो.

"आन् ह्ये काय वाजतंय?"

"भूक लागली होती."

आबांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "आधी पाया पड. फोनवर पडला व्हतास ते पोचलं न्हाय."

मी पडलो, टॉवेलासकट. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ राहिला. मग वडिलांकडं न बघता ते आईला म्हणाले, "सगळ्यांस्नी म्हणावं चला. पानं मांडल्यात." आणि फडक्यात धरून माझा कुकर उचलून पुढं निघाले. अन्न वाया घालवायचं नव्हतं त्यांना. वडिलांनी बटण परत लावलं.

वाढताना आबांच्या पत्नी, आमच्या थोरल्या आई, हळूच माझ्या कानाशी बोलल्या, "बाराच्या आधीच समदं तयार व्हतं. तुझे आबा म्हणत व्हते, बोलवाया मीच जाणार. तीनदा चपला घातल्या, तीनदा काढल्या."

पंगतीत सगळ्यांच्या पानात पुरणपोळी पडली. माझ्या पानात आबांनी स्वतः खिचडी वाढली, वरून म्हणाले, "परदेशातलं पोट, आमटी सोसायची न्हाय." सगळी पंगत हसली. मग ते वडिलांच्या शेजारच्या पाटावर बसले. दोघंही समोर बघत होते. आबांनी माझ्या पानातली चिमूटभर खिचडी उचलून तोंडात टाकली.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"तिकडं कमीच खात्यात, दादा," वडील म्हणाले.