एक कंपनीचं, एक फौजेचं

किन्हीराजाला बसमध्ये चढलेली ती बाई वाशीम येईपर्यंत गप्प बसलीच नाही. नवऱ्यासोबत पहाडातल्या यात्रेला गेली होती. दरड कोसळून दोघं अडकली आणि दोन वेगवेगळ्या हेलिकॉप्टरांनी सुटली.

"यायले कंपनीचं भेटलं," शेजारच्या नवऱ्याकडे बोट करत ती म्हणाली. "मोटारीवानी खुर्ची, पट्टा! पन जागा एकच. यायले दम लागून राह्यला होता, म्हून मीच यायले बसवलं."

"मग तुम्ही?" मी विचारलं.

"मंग हेलिकॉप्टर उतराची जागाच खचली न बापा! दुसऱ्या दिवशी फौजेचं आलं. वरतीच थांबलं. दोरावरून एक फौजी उतरला, मले सोताशी बांधलं, अन् सर्रकन वर!" तिनं दोन्ही हात असे उंचावले की पुढचे प्रवासी मागं वळले.

"माह्यातच आराम होता," नवरा पुटपुटला.

"अन् माह्यात मजा! फौजी म्हने, डोये मिटा. मी टक्क उघडे ठेवले."

"भीती नाही वाटली?"

"लय वाटली. पन यायले सारं सांगाचं होतं ना! डोये मिटले असते तं काय सांगतलं असतं?"

नवऱ्यानं हे कितीदा ऐकलं असेल कोण जाणे. तरी तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा तिच्याकडे बघत होता.