पीठ आत्ता मागवू नका

शेठनी मला कामावरून काढलं ते दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना.

"ताई, आता मेलचं काम मशीन करणार. तुमची वर्षभराची पत्रं आहेत ना त्यात? तीच जातील परत. मशीनला पगार लागत नाही."

दुकान महाडच्या बाजारपेठेत. तांदूळ, कडवे वाल, कोकम, पापड, पिठं. माल इथला, पण घेणारे पुण्यात, ठाण्यात, आखातात. मी तिथे पार्सलं बांधायला लागले आणि सहा वर्षांत त्यांची ईमेलची बाजू उभी केली. व्हॉट्सॅपवर शुभसकाळच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं. ईमेल माणूस ऑफिसात चहा घेताना सावकाश वाचतो, हे माझ्या लक्षात आलं होतं.

शेठचं म्हणणं, प्रत्येक मेलमध्ये दहा टक्के सूट टाका. मी टाकत नसे. रोज सूट ओरडणाऱ्याकडे कोण बघतं? एका आठवड्यात वालाच्या बिरड्याची कृती, पुढच्या आठवड्यात कापडे गावातल्या शेताचा एकच फोटो आणि खाली दोन ओळी. कधी सावित्री नदीला पाणी चढलंय, पार्सल दोन दिवस उशिरा निघेल, एवढी सरळ बातमी. विक्रीचं पत्र महिन्यातून एकदा. आखातातल्यांना वेगळं, पुण्यातल्यांना वेगळं. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एक प्रश्न. "तुमच्याकडे बिरड्यात कोकम घालतात की चिंच?" यावर लोक आठवडाभर भांडले आणि भांडता भांडता आमचे वाल संपले. आलेल्या प्रत्येक उत्तराला मी उत्तर लिहिलं. खाली नाव दुकानाचं. माझं कधीच नव्हतं.

शेठनी कौतुकानं मला स्क्रीन दाखवली. त्यांचा मेव्हणा वाशीला असतो, त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणे. त्यानं माझी गेल्या वर्षीची सगळी पत्रं, गेल्या वर्षी गेली त्याच तारखांना आपोआप जातील अशी लावून दिली होती. मी तारखा वाचल्या. मग मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. या वर्षी अधिक महिना होता. गणपती गेल्या वर्षीपेक्षा अठरा दिवस उशिरा.

"छान आहे," म्हटलं आणि चपला घातल्या. बिरवाडीला घरी जाणाऱ्या रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं, आपण गप्प राहायचं.

ईद होऊन पाच दिवस झाले आणि दासगावची माझी मैत्रीण बाजारात भेटली. शाळेपासूनची मैत्री. नवरा कुवेतला, तो दुकानाच्या यादीत.

"काय गो, तुझ्या शेठचा मेल आलाय ह्यांना. बोलतो, ईद सहा दिवसांवर आली, तांदळाचं पीठ मागवा! आमचा शिरखुर्मा पचला नि हा आता उठला!"

"तो माझा शेठ नाय आता."

"मग लिहिलंय तर तुझ्यासारखंच."

"माझंच हाय. गेल्या वर्षीचं."

ती रस्त्यातच हसत सुटली. मग एकदम थांबली. "तू स्वतःचं का काढत नाय गो? ह्यांचं नाव लिही पयलं."

माझ्या वहीत पहिला पत्ता कुवेतचा आहे तो असा.

शेठची यादी मी उचलून आणली नव्हती. आणता आली असती. पण मग लोकांनी मला चोर म्हटलं असतं, आणि मला लोकांनी शेठला मूर्ख म्हणायला हवं होतं. कापड्याला माझी जाऊ असते. तांदूळ तिचा, धुणं-वाळवणं-दळणं तिचं, पत्रं माझी. पोलादपूरला घाट उतरून आलेल्या गाड्या चहाला थांबतात. तिथल्या एका हॉटेलच्या काउंटरवर मी वही ठेवली. "गावाकडचं पत्र हवं असेल तर ईमेल लिहा." पावसाळ्यापर्यंत साठ-सत्तर पत्ते झाले.

मध्ये धोंड्याचा महिना आला. शेठनी जावयाला बोलावून वाण दिलं. दुकानात अनारशाचं पीठ संपेपर्यंत विकलं. अख्खा अधिक महिना गल्ल्यासमोर येऊन बसला होता, पण त्यानं गणपती पुढे ढकललेत हे मशीनला सांगायचं कोणाला सुचलं नाही. मी रोज वाट बघत होते, कोणी सुधारतंय का. कोणी सुधारलं नाही.

मग तो मेल आला. त्यांच्या यादीत माझा एक जुना पत्ता होता, त्यावर. "बाप्पा नऊ दिवसांवर! मोदकाच्या पिठाची आज शेवटची मागणी." शब्द न् शब्द माझा. बाप्पा सत्तावीस दिवस लांब होते.

मी जेवण बाजूला ठेवलं आणि माझ्या यादीला लिहिलं: "गणपतीला अजून सत्तावीस दिवस आहेत. पीठ आत्ता मागवू नका, या हवेत कोंदट होतं. आम्ही अजून तांदूळसुद्धा भिजवलेला नाही. तुमच्या घरी मोदकाला किती कळ्या पाडतात?"

जावेनं फोन केला. "पीठ विकायला बसलीस नि लोकांना घेऊ नका सांगतेस? डोकं फिरलंय तुझं?"

"तू तांदूळ काढून ठेव. जास्तीचा काढ."

लोकांनी कळ्या मोजून पाठवल्या. मोदकांचे फोटो पाठवले. आणि ते पत्र एकमेकांना पाठवलं, कारण घेऊ नका म्हणणारा दुकानदार कोणी पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवसापासून दुकानाची जुनी गिऱ्हाइकं माझ्या यादीत यायला लागली. एकानं लिहिलं, "शेवटच्या प्रश्नावरून ओळखलं. इतकी वर्षं उत्तरं देणाऱ्या त्या तुम्हीच ना?" हो, मीच. त्याचं ते पत्र मी तीनदा वाचलं. जावेचे हात तांदूळ धुऊन धुऊन सुरकुतले.

'शेवटची मागणी' वाचून घाबरलेल्यांनी दुकानाकडून पीठ घेतलं होतंच. पुण्याच्या एका बाईंच्या उकडीला ऐन चतुर्थीला वास आला. त्यांचं वाईट वाटलं. त्यांना मी नंतर किलोभर पीठ पैसे न घेता पाठवलं. बाकी कशाचं वाटलं नाही.

गौरी गेल्यावर शेठ बिरवाडीला घरी आले. मी चहा दिला.

"ताई, शिव्या आल्यात हो मेलमध्ये. शंभर माणसं यादीतून निघून गेली. तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग एक शब्द सांगायचा!"

"मला कुठे पगार होता?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "परत या. वाढवून देतो."

"नको. माझी पत्रं तेवढी काढून टाका मशीनमधून."

"ती दुकानाची आहेत," ते उठत म्हणाले. "तारखा काय, सुधारल्या आम्ही. या वर्षीच्या घातल्या मेव्हण्यानं. आता चूक होणार नाही."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

पुढच्या वर्षी गणपती दहा दिवस अलीकडे येतात. त्यांचं 'बाप्पा नऊ दिवसांवर' म्हणणारं पत्र बाप्पा बसल्याच्या दुसऱ्या दिवशी जाईल. त्यांच्या यादीतला माझा जुना पत्ता मी काढलेला नाही.