सगुणाने घेतलेलं नाव

१८९७ सालच्या मार्च महिन्याच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी, बाळकुमच्या सगुणाने कनवटीला दोन रुपये अकरा आणे खोचले. त्यातले दोन रुपये तीन आणे घरातले होते. आठ आणे दिराचे, उसने.

दीर म्हणजे राघो. मिठागरावर मुकादम होता, दोन बैलांचा धनी होता आणि सगुणाच्या नवऱ्याचा पाठचा भाऊ होता. सगुणाने त्याच्याकडे पैसे मागितलेच नव्हते. ती म्हणाली होती, "भावजी, तुम्ही संगती चला. मना एकटीला तिकरं कोण विचारील?"

राघो ओटीवरून उठला नाही. कल्याणला भावाला शोधायला जायचं म्हणजे प्लेगच्या छावणीत जायचं. गेलेला परत येतो की नाही, कुणाला ठाऊक! त्याने कमरेची पिशवी सोडली, आठ आणे उंबऱ्यावर ठेवले आणि म्हणाला, "वयनी, तूच सांगतंस ना सगल्यांना? ज्याचे ओझे त्याने खांद्यावरी घ्यावे, दुजियाने द्यावे बोट एक. हे घे माझं बोट."

राघोची बायको पदर तोंडाला लावून हसली. सगुणाने आठ आणे उचलले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, कारण ओवी खरंच तिचीच होती.

म्हणजे तिने रचलेली नव्हे. बाळकुमच्या देवळात दर चातुर्मासात एक जुनी पोथी वाचली जाई. पोथी कुणी लिहिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यातल्या ओळी खाडीकाठच्या चार गावांत तोंडोतोंडी होत्या. सगुणाला अक्षर येत नव्हतं. मात्र लहानपणापासून खांबाला टेकून ऐकलेली सगळी पोथी तिला पाठ होती, आणि कुठली ओळ कुठे चिकटवायची याची तिला हौस होती. जावाजावांचं भांडण झालं, ओळ हजर. मिठागराचा बांध फुटला, ओळ हजर. पोर परीक्षेला बसावं तशा नव्या नवऱ्या लग्नाआधी तिच्यापुढे येऊन बसत. "काकी, नाव घ्यायला ओळ दे गो." सगुणा पोथीतली ओळ घेई, तिच्या शेवटी नवऱ्याचं नाव गुंफी आणि पोरीकडून घोटून घेई.

नाव असं गुंफूनच घ्यायचं असतं, हे तिला सासूने शिकवलं होतं. "नुसतं नाव तोंडातून काढू नको. उघडं नाव यमाला ऐकू जातं. ओवीत गुंडालेलं त्याला कलत नाय." सगुणाच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. नवऱ्याचं उघडं नाव तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. ती त्याला "अवं" म्हणे, जशी गावातली प्रत्येक बाई आपापल्या नवऱ्याला म्हणे.

त्याचं नाव पंढरी. मिठाच्या गलबतावर तो मुंबईच्या बंदरात गेला होता, आणि तिथून रेल्वेने टिटवाळ्याला बहिणीकडे निघाला होता. बरोबर गावचा सहदेव होता. मुंबईहून येणारी प्रत्येक गाडी कल्याणला थांबवून उतारू तपासत असत. तपासणारे डब्यात चढले, तेव्हा पंढरी तापाने फणफणत बाकाखाली कलंडला होता. त्याला उचलून नेलं. नाव, गाव विचारलं तर त्याच्या तोंडून शब्द फुटेना. सहदेव शेजारीच बसला होता. त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"मी बोललो असतो तर मनापण उतरवला असता," गावी परतल्यावर सहदेवाने सगुणाला सांगितलं आणि तो रडला. त्याला काय म्हणावं? सगुणाच्या जिभेवर एक ओळ आली होती. ती तिने गिळली.

ठाण्याच्या स्टेशनापर्यंत ती चालत गेली, तिथून गाडीने कल्याणला. छावणी गावाबाहेर माळावर होती. बांबू आणि चटयांच्या लांबलचक झोपड्या, भोवती तारेचं कुंपण, दाराशी एक शिपाई आणि मेजामागे एक कारकून. कारकुनाचं नाव हरिहरपंत. बिचारा आठवडाभर घरी गेला नव्हता, डोळे लाल झाले होते. त्याच्यापुढे चाळीस-पन्नास माणसं उन्हात दाटीवाटीने उभी होती, आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी आत होतं.

सगुणाचा नंबर आला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

"कोण पाहिजे?"

"माझा मालक."

"नाव?"

सगुणाने पदराचं टोक दातांत धरलं.

"अगं बाई, नाव सांग. मागे किती लोक आहेत बघ."

तिने मान खाली घातली, पदर डोक्यावर ओढला आणि लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावर म्हटलं होतं तसं हळूच म्हटलं, "मिठाचा तो खडा पाण्यात विराला, चवीने कळला कोठे गेला, पंढरीचे नावी जीव माझा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. शिपाई म्हणाला, "वा! लगीन आहे काय इथं? हळद आणलीस का गं?" हसणारे हसले. ज्यांची माणसं आत मरायला टेकली होती तेही हसले.

हरिहरपंत हसले नाहीत. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "पंढरी नावाचा कुणी नाही. कधी आणला?"

"शनवारी. गाडीतून. बोलत नव्हता."

"मग बिननावाच्यात असेल." त्यांनी उजवीकडच्या शेवटच्या झोपडीकडे बोट दाखवलं. "तिघं आहेत. शुद्ध नाही. तिघांचे कपडे जाळले, डोकी भादरली. आता ओळखायचं कशावरून? तुला आत सोडता येत नाही, डॉक्टरांचा हुकूम आहे. कुंपणाशी ये."

कुंपणापासून झोपडी पन्नास हात होती. पुढची चटई वर गुंडाळलेली होती. आत तीन माणसं, तिन्ही छावणीच्या एकसारख्या कांबळ्यांत, तोंडं भिंतीकडे. सगुणा डोळे ताणून पाहत राहिली. बावीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याची पाठ रोज पाहिली होती, मिठागरावर वाकलेली, घामाने पांढरी पडलेली. कांबळ्याखालच्या पाठीत आणि दुसऱ्या पाठीत तिला फरक करता येईना.

"मी हाक मारतो," हरिहरपंत म्हणाले, आणि खणखणीत आवाजात ओरडले, "पंढरी! अरे पंढरी!"

कुणी हललं नाही.

"परका आवाज तापात पोचत नाही," ते म्हणाले. "काल एका म्हातारीने लेकाला हाक मारली, त्याने ओ दिली. तू मार."

"ओ दिली तर काय होईल?"

"नाव लागेल. मग औषधपाणी नावावर होतं, निरोप घरी जातो. आणि..." ते थांबले. "आणि काही बरंवाईट झालं तर अस्थी तुझ्या हातात देता येतात. नाव नसलेल्यांचं सगळं एकत्रच होतं, बाई. कुणाचं काय, ते मागाहून सांगता येत नाही."

सगुणाने तार घट्ट धरली आणि रोज दुपारी मिठागराच्या बांधावरून मारायची तशी हाक मारली. "अवं! अवं, ऐकलं का?"

पहिल्या कांबळ्यातून हात बाहेर आला. दुसऱ्यातला माणूस कुशीवर वळला आणि डोकं उचलायला धडपडला.

हरिहरपंतांनी कपाळाला हात लावला. "दोघं हलले. त्यातला तुझा कोणता?"

सगुणाने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. दोघांनाही कुणीतरी घरात अवं म्हणत असणार. दोघांच्याही बायका कुठेतरी चुलीपुढे बसल्या असतील, त्यांना पत्ताही नसेल. पहिल्याचा हात पुन्हा खाली पडला. दुसरा काही वेळ हवेत डोकं धरून राहिला, हाक पुन्हा येईल म्हणून वाट पाहत. मग तोही पडला. तिसरा मात्र होता तसाच होता.

"मी म्हणते ओवी," ती घाईने म्हणाली, "ती त्यांना आवडते." आणि तिने तारेवर छाती टेकून सगळी ओवी मोठ्याने म्हटली. मिठाचा खडा, पाणी, चव, सगळं. वारा सुटला होता. शेजारी कुंपणाशी आणखी बायका रडत होत्या. ओवी मधेच कुठेतरी पांगली आणि तिच्या पोटात गुंडाळलेलं नाव झोपडीपर्यंत पोचलंच नाही. तिने पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना घसा बसला आणि शब्द कुठले आधी, कुठले नंतर, तेच आठवेना. जन्मभर दुसऱ्यांच्या दुःखाला मापून बेतून दिलेली एकही ओळ तिला सापडेना.

शिपाई आता हसत नव्हता. तो म्हणाला, "आवर मावशी. संध्याकाळी मढी न्यायला गाडा येतो. त्यातला एक काय रात्र काढत नाही, डॉक्टर बोललेत."

"कुठला?"

"ते काय मला माहीत!"

तिने हरिहरपंतांकडे पाहिलं. ते यादीकडे पाहत होते. लेखणी शाईत बुडवून तशीच धरली होती.

सगुणाने डोळे मिटले आणि ओरडली, "पंढरी!"

आपल्याच तोंडून निघालेलं ते नाव तिला ओळखू आलं नाही. शिवी दिल्यासारखं वाटलं. तिने डोळे उघडले आणि पुन्हा ओरडली, "पंढरी! पंढरी रं!"

तिसऱ्या कांबळ्याखाली पाठ हलली. माणूस फार सावकाश उताणा झाला. त्याने तोंड इकडे फिरवलं, ओठ हलवले, आणि पन्नास हातांवरून, घरातून दारात यावा इतका ओळखीचा आवाज आला.

"ओ."

हरिहरपंतांनी लिहिलं. पंढरी, बाळकुम. मग शिपायाला म्हणाले, "त्या तिसऱ्याला पाणी पाज."

सगुणा तीन दिवस कुंपणाशी बसून राहिली. पंढरीने पुन्हा एकदाही ओ दिली नाही. शुक्रवारी दुपारी तो गेला. बाकीचे दोघे त्याच्या आधीच गेले होते, बिननावाचे. हरिहरपंतांनी तिच्या हातात मडकं दिलं. मडक्याच्या गळ्याला चिठ्ठी बांधली होती, तिच्यावर नाव होतं. ते म्हणाले, "तुझंच आहे, खात्रीने."

पहिले नऊ दिवस गावात सगुणाच्या दारी कुणी फिरकलं नाही. प्लेगच्या घरी कोण येतो! आली ती फक्त शेजारची तुळसा. तुळसाचा नवरा चार वर्षांपूर्वी खाडीत बुडाला होता. त्या दिवशी सगुणाने तिला जवळ घेऊन तीच ओवी ऐकवली होती, ओझ्याची आणि बोटाची, आणि तुळसाने पुढे वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आता तुळसा दोन भाकऱ्या घेऊन आली, चुलीशी बसली आणि काहीच बोलली नाही.

"बोल ना," सगुणा म्हणाली.

"काय बोलू? मना ओव्या येत नाय."

सगुणा बराच वेळ राखेत काडीने रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "मीच मारला गो त्यांना. उघडं नाव घेतलं. यमाने ऐकलं."

तुळसाने भाकरी मोडून तिच्यापुढे सरकवली. "मी तर कधीच घेतलं नव्हतं. माझापण गेला."

पुढे चार लग्नसराया गेल्या. पोरी यायच्या, दारात बसायच्या, "काकी, नाव घ्यायला ओळ दे गो." सगुणा सूप हातात घेऊन तांदूळ पाखडत राही आणि म्हणे, "आठवत नाय." पोरींना वाटे काकी रागावली. चातुर्मासात पोथी लागे तेव्हा ती देवळाबाहेरच्या पारावर बसे, आत जात नसे. वाचणारा एखाद्या ओळीवर अडखळला की तिचे ओठ हलत, पण आवाज येत नसे.

राघो दहाव्याला आला होता. जेवला आणि गेला. त्याने पैसे मागितले नाहीत, तिने दिले नाहीत.

राघोचे आठ आणे अजून देणे आहेत.