मालुबाईंचं दोन किलोचं वजन

मालुबाई मला आधी दिसल्या नाहीत, ऐकू आल्या. शहात्तर साली बदली होऊन मी निपाणीला निघालो होतो. माझी एस.टी. अजून संकेश्वरच्या स्टँडवर उभी होती, आणि तिकडे निपाणीत कुणीतरी कुणालातरी "मिरच्या ओल्या हाईत, परत न्या" म्हणून दरडावत होतं, ते मला स्वच्छ ऐकू आलं. गाडीतली माणसं आपापल्या पिशव्या चाचपू लागली. कंडक्टरनं तर घाबरून सगळ्यांचे सुटे पैसे परत केले. गावात उतरून खोली शोधली, तेव्हा तो आवाज माझ्या घरमालकिणीचाच निघाला.

त्यांचाही इलाज नव्हता. मालुबाईंचा मिरची कांडायचा डंक होता. दिवसभर लोखंडी मुसळं धडाधडा आपटायची आणि त्यांच्या वरताण आवाज काढून गिऱ्हाइकांशी बोलायचं. पुढं डंक बंद असला तरी आवाज खाली येईना. त्या देवाकडे काय मागतात, ते अख्ख्या गल्लीला पाठ होतं. लुगड्यावर कायम लाल भुकटी. त्या दारात आल्या की माणसं आधी शिंकत आणि मग "या" म्हणत.

एवढ्या वर्षांत त्यांना हळू बोलताना मी एकदाच ऐकलं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात शेजारच्या सोनुबाईंची लतिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा गोपाळ बेळगावात कचेरीत. मुलगा झाला. पाचवीला सोनुबाईंनी रीतीप्रमाणे तिच्या उशाखाली विळा ठेवला. लोखंड जवळ असलं की बाहेरचं काही शिवत नाही, ही आमच्याकडची समजूत. सोनुबाई कुठलंच काम अर्धवट करत नसत, म्हणून विळा आधी धार लावून आणला होता.

लतिका झोपेना. बाळ झोपलं तरी ही आढ्याकडे बघत पडलेली. जेवण तसंच परत जाई. बाळाला घे म्हटलं की घेई, पण त्याच्याकडे बघत नसे. बायकांनी दृष्ट काढली, अंगारा लावला. पहिलटकरीण आहे, लाडात आलीय, असंही म्हणून झालं.

बारशाला बेळगावहून गोपाळ, त्याची आई सुनंदाबाई आणि बरेच पाहुणे आले. सोप्यात आम्ही पुरुष घुगऱ्या खात बसलो होतो. मालुबाई बाळंतिणीला बघायला आत गेल्या. आत काय झालं ते पुढं लतिकानंच सांगितलं, आणि लिहायला तिची हरकत नाही म्हणून लिहितो. ती म्हणाली, "मावशी, तो विळा तेवढा काढा. माझा हात सारखा तिकडं जातोय."

 मालुबाईंनी विळा काढून पदराखाली घेतला, बाळ उराशी घेतलं आणि खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. तिथूनच आपल्या मुलाला, भावकूला, हाक मारली. भावकू तोवर मिशीवाला बाप्या झाला होता. डंकावरचं दोन किलोचं वजन आण, असं त्याला सांगितलं. तो ते घेऊन आलाही.

तेवढ्यात वजन बघून सुनंदाबाई आत गेल्या. उशी उचलून पाहिली. विळा नाही. मग नजर मालुबाईंच्या फुगलेल्या पदराकडे गेली.

"लोखंडच पायजे न्हवं?" मालुबाई म्हणाल्या. "वजन ठेवा. इळ्यापरास जास्त लोखंड हाय त्यात."

"हे काय वाण्याचं दुकान आहे?" सुनंदाबाई म्हणाल्या. "नातवाच्या उशाशी माप ठेवताय. विळा आधी जागेवर ठेवा."

पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, भरल्या बारशात राखणीचं लोखंड पळवलं, यात काहीतरी करणी आहे. सोनुबाई रडत होत्या आणि रडता रडता विळ्यासाठी हात पुढं करत होत्या. आत लतिका भिंतीला पाठ लावून त्या हाताकडे बघत होती. ती काय बोलली ते सांगितलं, तर सासर तिला वेडी ठरवून इथंच सोडून जाणार. न सांगितलं, तर विळा पुन्हा उशाखाली जाणार. मालुबाई उंबऱ्यावरून हलेनात.

मग त्या बोलल्या, आणि इतक्या हळू की सोप्यातली माणसं पुढं वाकली.

"ह्या भावकूच्या येळंला मी त्याला घिऊन हिरीच्या काठावर गेलतो. आक्कानं पदर धरला म्हणून दोघं वाचलो. लोकांनी बाधा म्हणून मला मिरचीची धुरी दिली. बाधा न्हवती. झोप न्हवती, आणि मनाला कायतरी झालतं. पोरगं नको न्हवतं, सुनंदाक्का. मलाच मी नको झालतो."

भावकू हातात वजन घेऊन उभा होता. त्यालाही हे आजच कळत होतं. त्याच मिरच्या कांडून आईनं त्याला वाढवलं होतं.

गोपाळ उठला. त्यानं आईला विचारलं नाही, सासूला विचारलं नाही. मालुबाईंना ओलांडून आत गेला आणि सगळ्यांसमोर बायकोशी बोलला. "बेळगावला डॉक्टरांकडं जाऊया का?" लतिकानं मान डोलावली.

 मग सुनंदाबाईंनी बाळासाठी हात पुढं केले आणि कुणीतरी गाडी बघा म्हणाल्या. नाव ठेवायचं राहिलं. पाळण्यात नुसतं भावकूनं टेकवलेलं वजन होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, की बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना असं होतं. हा आजार आहे आणि तो बरा होतो. औषध द्या, झोप मिळू द्या, तिला एकटी ठेवू नका. काही महिने गेले. मग एक दिवस लतिकानं बारशाच्या घुगऱ्या कुणी संपवल्या याची चौकशी केली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून गावात कुठंही बाळंतीण असली की मालुबाई बोलावण्याची वाट न बघता पदराखाली ते वजन घेऊन हजर. विळा काढायचा, वजन ठेवायचं आणि डंकावरच्या आवाजात विचारायचं, "झोप लागतीया का गं? मनात काय वंगाळ येतंय का?" हे पलीकडच्या गल्लीपर्यंत ऐकू जाई. घरची माणसं लाजेनं अर्धी होत. कुणी त्यांना वजनबाई म्हणे. बऱ्याच पोरी हसत. एखादी रडायला लागे, मग मालुबाई सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेत. डंकावर दोन किलो मिरची किलोच्या वजनानं दोनदा तोलत, आणि गिऱ्हाइकं कुरकुरत.

सत्याऐंशी साली मालुबाई काविळीनं गेल्या. वजन तेव्हा कुणाच्यातरी घरी होतं, ते परत आलं नाही. भावकूनं डंक विकला. उशाखाली आता पुन्हा विळाच ठेवतात.