तलावाची शंभरी

माझं माहेर सांगोल्याकडचं. तिथं पाणी टँकरनं यायचं, आणि घागरी घेऊन रांगेत थांबायला घरातलं कुणीतरी हवं, म्हणून सातवीत माझी शाळा सुटली. पुढे आमच्याकडे रस्त्याच्या कामावर ट्रॅक्टर चालवायला आलेल्या माणसाशी लग्न झालं आणि मी इतक्या लांब, अर्जुनी मोरगावच्या पलीकडच्या खेड्यात आले. साल दोन हजार चार-पाचचं असेल. त्याच उन्हाळ्यात गावानं तलावाची शंभरी करायचं ठरवलं.

माणसाची शंभरी ऐकली होती, तलावाची पहिल्यांदाच. रीत अशी, की प्रत्येक घरानं आपल्या धानाच्या बांधीतली, म्हणजे भातखाचरातली, टोपलीभर माती तलावाच्या पाळीवर, पाणी अडवणाऱ्या बांधावर, नेऊन टाकायची. पाळ मुळात तशीच उभी राहिली म्हणे, घराघराच्या मातीनं. सासूबाईंचा गुडघा सुजलेला, नवरा कामावर. टोपली माझ्या डोक्यावर आली. परमुलखातली बाई मी. माझ्या हातची माती चालेल का, हे विचारायचाही धीर होईना.

पाळीवर शेजारचे म्हातारे बाबा येईल त्या टोपलीला हळदकुंकू लावत होते. माझा नंबर आला आणि भलताच प्रश्न तोंडातून निसटला. शंभर कशावरून? तलाव बांधला तरी कधी?

वाटलं, झालं, आता टोपली खाली ठेवायला सांगणार.

बाबांनी मागे बघितलं. सासूबाई लंगडत येऊन आंब्याखाली बसल्या होत्या. "सून तुह्यीच शोभते वो," ते म्हणाले. "नवी होती तवा तुनं बी हेच इचारलं होतं."

मग कळलं. सासूबाई नवी नवरी असतानाही तलावाला शंभरच वर्षं झाली होती. बाबांच्या आजीनंही शंभरीचीच माती वाहिली होती. पाळ झिजलेली दिसली, की गाव तलावाची शंभर वर्षं पुरी करून टाकतं. खरं साल कुणालाच ठाऊक नाही.

"मग आता कितवी शंभरी?" मला राहवेना.

"आधी माती टाक," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरची हाय. कायले भिऊन राहिली?"

माझ्या जिवात जीव आला. सासूबाईंचे ते उपकार मी विसरले नाही. टोपली रिती केली ती जागा नीट बघून ठेवली आहे. जाता-येता तिथं नजर जातेच. पाळ बरीच बसलीय आता. यंदा कुणीतरी शंभरीचा विषय काढणार, असं दिसतंय.